वहिनींच्या पोटाची मर्जी

…नाही, तुम्हीच सांगा, माणसानं आपल्याच घरात चोरासारखं जेवायचं? बाहेर ओट्यावर, दार ओढून, ताटावर ताट झाकून? जेवलोय मी तसा! घरात फोडणी बंद, सुकट बंद, माझं दाढीचं लोशनसुद्धा बंद! का? तर अस्मिता वहिनींना वास सहन होत नाही.

वहिनी म्हणजे आमच्या मिलिंददादाची बायको, पालिकेच्या शाळेत दुसरीच्या बाई. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग किमो लागली. पहिला डोस घेऊन बुवापाड्यात रिक्षातून उतरल्या, हसत उतरल्या हो, आणि शेजारच्या गोजरबाईंनी नेमकी तेव्हाच लसणाची फोडणी दिली… झालं! दादा बादली शोधतोय, आई लिंबू शोधतेय, मी दादाला शोधतोय… उलटी वहिनींची, पळापळ आमची!

त्यात बदलापूरहून मोतीआत्या आली. "अगं, पोटभर जेव! अंगात ताकद नको?" भाकरीवर भाकरी! वहिनींनी तिचं मन राखायला खाल्ली, आणि आत्या हात धुऊन येईस्तोवर… उलटी वहिनींची, पळापळ आमची! आणि चूळ भरून वहिनी काय म्हणाव्यात? "आत्या, भाकरी मऊ झाली होती हं." आता बोला!

बरं, डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काही त्रास?" वहिनी म्हणायच्या, "नाही, ठीक आहे." ठीक? दुसऱ्या डोसनंतर पाणीसुद्धा पोटात टिकेना, साडी कमरेवर राहीना, आणि ठीक! शेवटी डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढला. "वजन असंच उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. खरं सांगा, किती उलट्या होतात?"

आणि मग, तुम्हाला सांगतो, ऑपरेशनला जाताना डोळ्यांत टिपूस न आणणारी बाई तिथं रडली. "मॅडम, घरचे एवढं करतात माझ्यासाठी. त्यात मी आणखी काय रडगाणं लावू?"

"तुम्ही सांगितलंच नाही, तर मी औषध बदलणार कसं?"

मी दारात पाण्याची बाटली घेऊन उभा… माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं तेव्हा. जाऊ दे.

औषध बदललं. मळमळायच्या आधीच गोळी घ्यायची. आणि घरी येऊन वहिनींनी जो ताबा घेतला! "आई, मला ताट नको, वाटी द्या. आणि गार द्या, गरम वाफेनं ढवळतं." गार पेज, मूठभर लाह्या, आल्याचा तुकडा, थोड्या थोड्या वेळानं दोन घास. चव? सगळं म्हणे पत्रा चाटल्यासारखं लागायचं! तरी ही बाई घास तोंडात घालून, भिंतीकडं बघत, चावतेय… चावतेय… डोंगर चढल्यासारखी चावतेय! मला म्हणाल्या, "भावजी, पोट म्हणजे दुसरीतलं पोर. दटावलं की जास्त रडतं."

उलट्या आवरल्या, तर पुढच्या डोसला जुलाब! आमच्याकडं संडास गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक, आणि सकाळची रांग म्हणजे काय सांगू… सख्खा भाऊ भावाला पुढं सोडत नाही! वहिनी पोट धरून आल्या. आणि हरिचंद्रमामा, रोज नंबरावरून भांडणारा माणूस, टमरेल वर करून ओरडला, "ए, बाईंना जाऊ द्या रे!" आख्खी रांग भिंतीला चिकटली! वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बाहेर आल्या त्या मान वर करून. "थँक्यू हां सगळ्यांना." रांगेनं टाळ्या वाजवल्या हो! संडासातून आलेल्या माणसाला टाळ्या! मग घरी येऊन, कुणी सांगायच्या आत, स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि न लाजता सगळं सांगितलं. दादा तोंडाकडं बघतच राहिला.

पुढच्या खेपेला काटा जागचा हलला नाही. डोस वेळेवर झाला. सगळेच झाले. आता केस आलेत, शाळाही सुरू आहे.

आता कुणाच्या घरी किमो निघाली की माणसं वहिनींकडं! परवा मांजर्लीची सोनिया आली, तिची किमो सुरू व्हायची होती. वहिनींनी तिचा हात धरला. "डॉक्टरांना 'ठीक आहे' म्हणायचं नाही. कळलं?" मग मला हुकूम, "भावजी, यांना घरी सोडून या."

सोडलं. तिथं तिच्या सासूनं मोठ्या मायेनं हिरवागार गव्हांकुराचा रस आणला. सून म्हणाली, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." मग तो ग्लास कुणाकडं वळला? भिडेखातर प्यालो मी! घरी पोचलो तो पोटात नुसता समुद्र. दारातच म्हटलं, "मला मळमळतंय…"

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "विक्रांत, बाजूला हो, टीव्ही दिसत नाही."