काळी पाच

नाव शांताबाई. माहेर वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिथं माहा बाप दिवसा खडी फोडायचा आन सांजच्याला गायन पार्टीत पेटी वाजवायचा. पेटी म्हनजे आपली हवेची पेटी हो, डाव्या हातानं भाता हलवायचा, उजव्या हाताची बोटं फिरवायची. भावाला तिची गोडी नव्हती, मी बापाच्या मांडीला टेकून बसायची, तर बसता बसता हात बसला. पार्टीत बायका टाळ्या वाजवायला असायच्या, पेटीवर बाई कोणी पाहिली नव्हती, लोक म्हनायचे पोरीला काऊन बसवलं रे, बाप म्हनायचा वाजवती ना, मंग बसली. काय सांगू ताई तुम्हाला, तेवढ्या एका बोलन्यावर माहा सगळा जन्म निघाला.

जयंतीत तवा दुरंगी सामने व्हायचे, दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं गान्यात सवाल टाकायचा, दुसरीनं गान्यातच जवाब द्यायचा. एका सामन्याला समोरच्या पार्टीचा पेटीवाला आलाच न्हाई, तर माह्या बापानं मला त्यांच्याकडं उसनी दिली. दिली ती दिलीच. तिकडं गायला आमचे हे होते. नाव पुसलं न्हाई, गाव पुसलं न्हाई, नुसतं काळी पाच म्हनले. पेटीवरची पाचवी काळी पट्टी ती, लई वरची, तिथून गाताना भल्याभल्या गड्याच्या नसा फुगतेत. मी म्हनलं बघू हा कवर टिकतो. टिकले हो. सकाळपर्यंत टिकले, आन माह्या बापालाच हरवून गेले.

मंग लग्न, मंग बजाजनगर. हे वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं लागले, मशिनीच्या आवाजात पाळी करायची आन घरी आले की हातपाय धुवून गायला बसायचं. विहारात, बारशाला, कोनी गेलं तर पुण्यानुमोदनाला, जिथं बोलावलं तिथं आमी दोघं. पोस्टरवर यांचं नाव मोठं, माहं लिवलं तर संच म्हनून. मला त्याचं काही वाटलं न्हाई, खोटं कशाला, थोडं वाटायचं.

यांनी सोता एक गानं बांधलं होतं, आईवर. आई शाळेचं आंगन झाडायची आन वर्गाच्या भाहीर उभी ऱ्हाऊन पाढे ऐकायची, असं ते गानं. लोक कार्यक्रमात तेच मागायचे. पन ते कुठं नीट भरलेलं नव्हतं, कोनाच्या मोबाईलात असलं तर त्यात टाळ्या जास्त, गळा कमी. करू म्हनायचे, करू. तंबाखू मातूर आज करायचे, गानं उद्या.

आवाज बसला तवा वाटलं पाळीची धूळ हाये. सरकारी दवाखान्यात तपासन्या झाल्या, डाक्टर बाई चांगली होती, तिनं समजंल असं सांगितलं, की गाठ हाये, आवाजाची पेटी काढावी लागंल. हे हसले. म्हनले म्याडम, पेटी तर हिच्याकडं हाये. डाक्टर बाई हसली न्हाई, मंग मला कळलं. भाहीर येऊन बाकड्यावर बसले आन मला म्हनले, शांते, आपरेशनच्या आधी गानं भरून घ्यायचं, आईचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला समीरभाईचा स्टुडिओ हाये, खालची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. उरूसाच्या कव्वाल्या तिथंच भरतेत आन जयंतीची गानीबी तिथंच. मानूस सोन्यासारखा. तेनं माही पेटी बाजूला ठेवायला लावली आन म्होरं सिंथ मांडला, बिनभात्याची विजेवरची पेटी, त्याला एक वायर, वायर कंप्युटरात. म्हनला मावशी, इसमें आवाज नै जाता, सिर्फ उंगली जाती. कोनती पट्टी दाबली, किती जोरात, किती येळ, एवढंच ते लिहून घेतं, आवाज मागून पाहिजे तो लावायचा, पेटीचा लावा, बासरीचा लावा. मिडी म्हनतेत त्याला. मला काही पटंना. वाजवायला लागले तर माहा डावा हात हवेतच भाता हलवायला लागला, थांबंनाच. हे खोकत खोकत हसले. शेवटी मी डावा हात मांडीखाली दाबून बसले आन वाजवलं. पडद्यावर बारक्या बारक्या हिरव्या काड्या उमटल्या, समीरभाई म्हनला हे तुम्ही. मी म्हनलं एवढीच का मी?

आधी वाजप भरायचं, त्याच्यावर गळा चढवायचा, अशी तेची रीत. वाजप काळी पाचमंदी झालं, झ्याक झालं. यांनी हेडफोन कानाला लावला, माईकम्होर गेले, अन् वरचा सूर लागंना. नुसती हवा. समीरभाई म्हनला घाबरू नका चाचा, पट्टी उतरवू. मी सिंथपाशी जायला लागले तर म्हनला बसा मावशी, तुम्हाला परत वाजवायचं काम न्हाई, आन एक बटन दाबलं. सगळं गानं काळी चारवर आलं. माहीच बोटं, मी न वाजवलेल्या पट्टीत. ताई, मला बरं वाटलं हो तवा. वाटलं हे यंत्र आपल्या बाजूचं हाये.

तेवढ्यात खोकला सुटला, म्हनून दुसऱ्या दिवशी आलो. मधी तपासन्या, दवाखान्याच्या चकरा, ज्या दिवशी अंगात जीव असंल त्या दिवशी स्टुडिओ. जावं तर चारबी जड. काळी तीनवर आनली. दम पुरंना म्हनून लय बी संथ केली, तेबी बटनानंच होतं. मंग काळी दोन. वाजप वाकायला तयार होतं, कितीबी वाका म्हना. मी समीरभाईला म्हनलं, माही बोटं खाली येतेत तर यांचा गळा वर न्हाई का करता येत तुमच्या बटनानं? तो म्हनला मावशी, गळा वायरीनं न्हाई, माईकनं येतो. तो वढून वर नेला तर चाचांचा ऱ्हात न्हाई.

शेवटच्या दिवशी काळी दोनमंदी यांनी ध्रुवपद गायलं. आन पहिलं कडवं. घोगरं, फाटकं, पन गायलं, मी कोपऱ्यात उभी ऱ्हाऊन रडले. समीरभाईनं वाजवून दाखवलं. हे ऐकत बसले, ऐकलं, आन म्हनले,

पुसून टाक.

समीरभाईनं माह्याकडं पाहिलं. मी म्हनलं पुसायचं न्हाई, मला पाहिजे ते, तुमचं काय चाललंय, तुमचा गळा तुमच्या एकट्याचा हाये का? हे म्हनले, हा माहा गळा न्हाई शांते, हा दुखन्याचा गळा हाये, आईचं गानं ह्या गळ्यात मागं ठेवायचं न्हाई. आन तेच्या डोक्यावर उभे ऱ्हाऊन पुसायला लावलं. मी नंतर समीरभाईला एकांतात गाठलं, खरं सांग, कुठं ठेवलं असशीन. तेनं पोरीची शपथ घेतली, म्हनला मावशी, चाचा हटेच नै. मी दोघांशीबी बोलले न्हाई, आपरेशनला नेईस्तोवर यांच्याशी बोलले न्हाई. मंग ते भाहीर आले, गळ्याला भोक, आन बोलनं संपलं होतं. माह्या रागाला त्यांना जवाबच देता आला न्हाई.

आता बरे हायेत म्हनायचं. पातळ जेवतेत, पेपर वाचतेत, काय पाहिजे ते हातानं सांगतेत. वाजप समीरभाईकडं पडून होतं, मी तेला म्हनलं होतं ते परत काळी पाचवर नेऊन ठेव, जिथलं हाये तिथं.

ह्या साली जयंती जवळ आली तसा आमच्याच वस्तीतला एक गडी आला, म्हनला मावशी, चाचांचं गानं मी गातो. गळा चांगला हाये तेचा, मी न्हाई म्हननार न्हाई. हे, मी आन तो, तिघं मिळून स्टुडिओत गेलो. तेनं वाजप ऐकलं आन म्हनला लई वर हाये, दोन पट्ट्या उतरवा. मी म्हनलं एक बी उतरवनार न्हाई. गायचं तर हितून गा, न्हाईतर नको गाऊ. यांनी माह्या दंडाला हात लावला आन तळहात खाली केला. उतरव. मी म्हनलं, तुमचं पुसलं तवा पट्टीची एवढी लाज वाटली, आन आता? तेंनी समीरभाईच्या टेबलावरचा कागद वढला आन लिवलं, तवा गोष्ट माह्या गळ्याची होती. गानं माह्या एकट्याचं न्हाई.

समीरभाईनं बटन दाबलं. मी उठून भाहीर पायरीवर जाऊन बसले. दार लोटलेलं होतं तरी ऐकू येत होतं. तो गडी गात होता, चांगला गात होता, आन कडव्याच्या मधी एका जागी हे दम घ्यायचे, माही बोटं तिथं थांबलेली हायेत, त्या गड्याला तिथं दम लागत न्हाई, तो दरवेळी पुढं पळायचा न् अडखळायचा. मंग समीरभाई दारात आला, म्हनला मावशी, ती जागा सरळ करू का?

मी म्हनलं कर बाबा. गानाऱ्याला अडवू नको.