रोममधली चपलांची सोय

चहा घ्या, पण ह्यांच्यासमोर रोमचं नाव काढू नका. माझं डोकं उठतं.

जावयांची नोकरी तिथं, म्हणून आम्ही दोघं पहिल्यांदा देशाबाहेर गेलो. जावयांनी एका जुन्या दगडी देवळापाशी सोडलं आणि ते कचेरीला गेले. देऊळ म्हटल्यावर ह्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, इथं सगळे बुटांसकट आत जातायत."

"जाऊ देत. आपण तुळजापूरचे पुजारी."

"मग मी घातल्या तशा पिशवीत घाला."

"न्हाय. समोरच्या दुकानात कायतरी घ्यायचं आणि चपला तिथंच ठेवायच्या. आपल्याकडं तीच रीत हाय."

पाववाल्याकडून लांबडा पाव घेतला आणि चपला त्याच्या फळीखाली सारल्या. त्या बिचाऱ्यानं पाहिलंसुद्धा न्हाय.

देवळातून बाहेर आलो तर दुकानाला कुलूप! तिथं दुपारी दुकानं बंद करून लोक घरी जेवायला जातात. ऊन तर असं, की फरशीवर भाकर भाजावी. मी म्हटलं, "सावलीत बसा, पाव खाऊ." ऐकतील तर शपथ! पाववाल्याचं घर शोधत हे गल्लोगल्ली हिंडले. चपला संध्याकाळी मिळाल्या, पण सुजलेल्या पायांत जाईनात.

आता गावभर सांगतात, "परदेशातसुद्धा देवासाठी अनवाणी हिंडलो." लोक लगेच पाया पडतात.

पडा म्हणावं! त्याच पायांच्या फोडांना आठ दिवस लोणी मी लावलंय.