पाच लेखांचा एक साक्षीदार

पुस्तकं परत करायच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी होती. काउंटरवरच्या ग्रंथपालबाईंसमोर तिने कागद पसरले होते.

“मॅडम, माझ्या प्रकल्पासाठी पाच लेख मिळाले. पाचही म्हणतात, पुराच्या वर्षी आपल्या गावचा तलाव एका दिवसात भरला.”

“शेवटचं पान बघ. संदर्भ कशाचा दिलाय?”

“वर्तमानपत्रातल्या बातमीचा.”

“दुसऱ्या लेखात?”

“तीच बातमी. तिसऱ्यातही... अगं बाई, पाचही तिच्यावरूनच लिहिलेत!”

“म्हणजे साक्षीदार एकच. बातमीदार तरी तिथं होता का?”

“नाही. ‘असे समजते’ म्हणून मोकळा झालाय.”

“मग तिथं होतं कोण?”

“माझे बाबा. तलावावर चौकीदार होते. पण ते सातवी शिकलेत, त्यांचं कोण मानणार?”

“त्यांचंही पारखूनच घ्यायचं. पाण्याची पातळी कोण मोजायचं?”

“तेच. सकाळ-संध्याकाळ. कचेरीत कळवायचे आणि स्वतःच्या वहीतही लिहायचे.”

“वह्या आहेत?”

“माळ्यावर. पण आई आज माळा आवरतेय. रद्दीवाला यायचाय.”

“मग इथं काय उभी राहिलीस? फोन लाव!”

“इथं फोनला बंदी आहे ना?”

“ती मीच घातलीय. लाव.”

“हॅलो, आई? बाबांच्या वह्यांना हात लावू नकोस. अगं, का म्हणजे? संदर्भात त्यांचं नाव लिहायचंय.”