केळीच्या बागेतला पंचेचाळीस नंबरचा टॉवर

सन्माननीय अध्यक्षा, कार्यकारी अभियंता दीपमाला मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती बन्सीलालभाऊ, सुनंदावहिनी आणि आपल्या उपकेंद्रातल्या माझ्या सोबत्यांनो,

मी हिलाल. भाऊ आणि मी एकाच दिवशी लाइनमन म्हणून नोकरीला लागलो, म्हणून आज बोलायचा मान माझा. शाल, श्रीफळ आणि टाळ्या मात्र त्यांच्या. तीस वर्षं हे असंच चाललंय.

खोटं कशाला बोलू? मी भाऊंवर जळतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोटो पेपरात आला, तेव्हा मी तो पेपर घरात येऊ दिला नाही.

प्रकरण तुम्हाला माहीत आहे. रावेरचा वीजपुरवठा तोडून सरकारला धडा शिकवू, असं पत्रक काढणारी ती जहाल टोळी. परकी नव्हती हो, आपल्याच तालुक्यातली शिकलेली माणसं. त्यांनी पंचेचाळीस नंबरच्या टॉवरच्या पायाचे बोल्ट काढायला सुरुवात केली होती. भाऊंनी सवयीप्रमाणे प्रत्येक पायावर पाना वाजवून पाहिला, आवाज बद्द आला आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. उरलेले बोल्ट काढायला आले तेव्हा चौघे जागेवर सापडले. टॉवर पडला असता तर? दवाखान्यात मशिनवर असलेल्यांचं काय झालं असतं?

माझ्या पोटात वेगळंच दुखत होतं. तो टॉवर माझ्या हद्दीतला. आदल्याच दिवशी पेट्रोलिंगच्या कागदावर मी त्याच्यापुढे ‘ठीक’ लिहिलं होतं. मग भाऊ माझ्या हद्दीत गेलेच कशाला? माझं श्रेय पळवायला, असंच मी धरून बसलो. दोन वर्षं त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली, पण मनातली अढी सोडली नाही.

गेल्या आठवड्यात शेवटी विचारलंच. भाऊ मूळचे धुळ्याकडचे, तसाच मीही. ते हळूच म्हणाले, “हिलाल, तू बागमाईन उना, पन तुना सदरा कोरा व्हता. केळीना चीक कोनालेच सोडत नही.” बागेतून आलेल्या माझ्या सदऱ्यावर एकही डाग नाही, हे बघूनच ते दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते.

मॅडम, ‘ठीक’ लिहिलं त्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीला, कामिनीला बघायला पाहुणे येणार होते. मी नवा पांढरा सदरा घातला होता. चिकाचा डाग मरेपर्यंत जात नाही, म्हणून मी बागेत शिरलोच नाही. बांधावर उभं राहून ‘ठीक’ लिहिलं.

भाऊंनी हे कोणाला सांगितलं नाही. माझी नोकरी त्यांच्या गप्प बसण्यावर टिकली. त्याचाही मला राग येतो. एवढं चांगलं असायची काय गरज होती?

पण आता ते निवृत्त होऊन घरी चालले. यापुढे मी कोणाच्या भरवशावर खोटं लिहू? मॅडम, तो कागद उद्या मागवून घ्या. सही माझीच आहे. निर्णय तुम्ही घ्याल तो मान्य.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कमीजास्त झालं असेल तर ते पदरात घ्या. त्या ‘ठीक’ची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही, भाऊंकडे मागतो.