वस्तीपर्यंत

(लातूर, जिल्हा झाल्यानंतरचं वर्ष. नागुबाई आपल्या पाडलेल्या ओट्याच्या दगडांवर बसलेली. समोर गल्ली कमिटीचे भगवानराव गुरुजी, हातात मंजूर झालेला रस्त्याचा अर्ज, आणि ओव्हरसिअर मडिवाळप्पा.)

नागुबाई : बाकीचं राहू द्या, गुरुजी. तेवढी एकच वळ पुन्यांदा वाचा.

गुरुजी : "गल्लीचा पक्का रस्ता, बौद्ध वस्तीपर्यंत, लांबी तीनशे मीटर."

नागुबाई : पर्यंत म्हंजी आत का भाईर?

गुरुजी : मी लिहिलं तेव्हा...

नागुबाई : तुमाला न्हाई इचारलं. सायेब, तुमची दोरी कुठं थांबली?

ओव्हरसिअर : वस्तीच्या तोंडाला, लिंबापाशी. मोठ्या रस्त्यापासून मोजलं की तिथंच तीनशे भरतात, मावशी.

नागुबाई : मग आमी चौदा घरांनी वटे पाडले, ते कशापायी?

ओव्हरसिअर : तुम्हाला कुणी सांगितलं पाडायला?

नागुबाई : ह्या गुरुजींनी. सभा घेतली. म्हनले, जिल्हा झाला, आता आपली गल्ली आपुनच नीट करू, ज्यानं त्यानं दारातले तीन हात सोडा. समदी गल्ली खाली बघून बसली. पयला हात आमच्या वस्तीचा वर झाला.

गुरुजी : खरं आहे. तुम्ही सोडले म्हणून लाजेकाजेस्तव बाकीच्यांनी सोडले.

नागुबाई : बहात्तरच्या दुष्काळात ह्याच रस्त्याची खडी फोडली म्या, सरकारी सुकडी खाऊन. तवा बी काम लिंबापाशी थांबलं. मुकादम म्हनला, कागदात वस्तीपर्यंतच हाय. त्यो मुकादम परका हुता. औंदा कागद आपल्या मानसानं लिवला, म्हून म्या इचारलं बी न्हाई.

गुरुजी : नागुबाई, माझ्या मनात आतपर्यंतच होतं.

नागुबाई : हुतं का?

गुरुजी : ...नव्हतं. खोटं कशाला बोलू? वस्ती मनात आलीच नाही. तीस वर्षं व्याकरण शिकवलं, आणि हात आपल्या वळणानं 'पर्यंत' लिहून मोकळा झाला. फार वाईट वाटतंय.

नागुबाई : वाईट आमाला बी वाटायलंय.

गुरुजी : साहेब, लांबी वाढवून मिळेल?

ओव्हरसिअर : यंदा हातभरसुद्धा नाही.

गुरुजी : पण सुरुवात कुठून, ते कागदात आहे?

ओव्हरसिअर : ...नाही. वस्तीच्या कुठल्या टोकापर्यंत, तेही नाही.

गुरुजी : मग वस्तीचं शेवटचं दार धरा. दोरी तिथून लावा आणि मोठ्या रस्त्याकडं या. तीनशे जिथं संपतील तिथं संपू द्या.

ओव्हरसिअर : मोठ्या रस्त्याकडची सात-आठ घरं राहतील, गुरुजी. त्यांत पहिलं तुमचंच.

गुरुजी : माहीत आहे.

ओव्हरसिअर : बाकीचे गप बसतील? ओटे त्यांनीही पाडलेत.

गुरुजी : नाही बसणार. उद्या पुन्हा सभा घेतो. चूक कुणाची ते उभं राहून सांगतो, मग बोलू दे ज्याला बोलायचं ते.

ओव्हरसिअर : काळी माती आहे. पावसाळ्यात तुमच्या दारातून पाय निघायचा नाही, या वयात.

नागुबाई : चिखलानं मानूस मरत न्हाई, सायेब. उशीर हुतो नुस्ता. गुरुजी, माझा निवृत्ती रोज उशिरा यायचा म्हून तुमी त्याला वर्गाभाईर उभं करायचा. तवा एकदा येऊन सांगनार हुते मी. राहूनच गेलं.