काचपट्टीवर उजळलेला ठिपका

हॅलो?… कोण, वहिनी? हां, मीच, हर्षिता… नाही गं, आजारी नाही, दमलेय. आवाजच असा झालाय. सकाळपासून सारखा करंट जातोय, मशीन पुन्हा पहिल्यापासून लावायची… हो, हो, आला. रिपोर्ट आला म्हणून तर मघापासून लावतेय, तुमचा फोन एंगेज.

अगं ऐक ना… ऐक तर! टीबी नाही. आईला टीबी नाही… नाही म्हणजे नाही… वहिनी, रडू नकोस बाई, मलाही रडू येईल आणि इथे लॅबमध्ये सगळे बघतायत.

कसं कळलं म्हणजे?… सोपं सांगते. एक काचेची पट्टी असते. तिच्यावर ओळीने ठिपके, रांगोळीला काढतो तसे, पण अगदी बारीक. प्रत्येक ठिपक्यात एकेका जंतूचा डीएनए चिकटवलेला. हा टीबीचा, हा त्याच्या चुलतभावाचा, असे… हो, नवीनच आहे, परदेशातसुद्धा आत्ता कुठे सुरू झालंय… मग आईच्या थुंकीतले जंतू वाढवायचे, त्यांचा डीएनए काढायचा, त्याला चमकणारा रंग लावायचा आणि पट्टीवर सोडायचा. तो आपल्या जातीच्या ठिपक्यालाच जाऊन चिकटतो. आपल्या सोयराआत्यासारखा, जातीबाहेर बघतच नाही… हसलीस ना? हस बाई.

तर टीबीचा ठिपका काळाकुट्ट. उजळला तो चुलतभाऊ. तो माती-पाण्यात असतो, माणसाकडून माणसाला लागत नाही… हो ना, म्हणूनच टीबीच्या एवढ्या गोळ्या खाऊन खोकला हटत नव्हता. डॉक्टर औषध बदलून देतील.

शंभूअण्णाला सांग आधी. त्याच्या कारखान्यात फोन कर, बोलावून देतात… काय?… हो, आण तिला बाहेर. त्या मागच्या खोलीत बसून बसून अर्धी झालीय… बाळ? दे ना! दे मांडीवर. ते जन्मल्यापासून आई उंबऱ्याआडून बघतेय बिचारी… जा, दे, मी थांबते… सर, जरा थांबा, घरचा आहे फोन. एकच मिनिट.

हां, बोल… काय म्हणतेय आई?… देवापुढे साखर ठेवायचीय? बरं, ठेवू दे… काय? सोवळं पाळलं म्हणून देव पावला? आता कसलं सोवळं?…

थांब. बाटली धुतली? कुठली बाटली?… मी दिलेली? थुंकी द्यायच्या आधी?… अगं, ती बंद होती ना, सील लावलेली… हो, कळलं, दवाखान्याची वस्तू, कुणाकुणाचे हात लागले असतील. माहीत आहे मला, आपल्या घरी सुटे पैसेसुद्धा धुऊन घेतात… वहिनी, पाणी कुठलं? उकळलेलं?… गच्चीवरच्या टाकीतलं. आणि चूळ?… तीही त्याच पाण्याने.

…थांब, रिपोर्ट पुन्हा बघते.

वहिनी, नीट ऐक. तो जंतू टाकीतल्या पाण्यात असतो… हो, तोच. बाटलीतूनच आला असेल. तो भराभर वाढतो, आणि आईच्या छातीतला खरा जंतू असला तरी मागेच राहतो, दिसत नाही… म्हणजे टीबी आहे असं म्हणत नाहीये मी. नाही असंही म्हणता येत नाही आता… हो, मघाशी म्हणाले. मघाशी मला बाटलीचं कुठे माहीत होतं?… पुन्हा थुंकी घ्यायची, पुन्हा जंतू वाढवायचे… आठवडे जातील गं. गोळ्या मात्र आहेत त्याच चालू ठेव. आणि तिला ओरडू नकोस. तिने आपल्या परीने स्वच्छच केलं ना.

आणि बाळ… हो, आत्ताच. आत्ताच घे तिच्याकडून… तू सांग ना. तू सून आहेस म्हणून काय झालं?… मी नाही सांगणार. वहिनी, तिला फोन देऊ नकोस, माझ्याने नाही होणार… वहिनी!

…आई?

हो, मीच… हो, ऐकू येतंय ना, हसतंय ते… पदर धरलाय? घट्ट?… हो, नाक बापाचंच, अण्णाचंच… हो गं, पोरीने नाव काढलं, बरं… आई, ऐक ना. आई, माझं ऐक.

बाळाला वहिनीकडे दे… नाही, रडत नाहीये, माहीत आहे मला… दे ना आई. आधी दे, मग सांगते… ती बाटली तू धुतलीस ना, त्यामुळे ती तपासणी तुझी झालीच नाही. पाण्याची झाली… हो, पुन्हा करायची… तोवर नको. तोवर लांबूनच.

…दिलंस?… हो, रडायला लागलं. येतंय ऐकू.

आई, तशीच आत जाऊ नकोस… फोन खाली ठेवू नकोस, आई…