चौथा नंबर

हॅलो?… हॅलो, कोण?… चिमे, तू होय! अगं, चुकीचाच फोन उचलला मी आधी. मला वाटलं, यांचाच फोन वाजला.

नाही गं, कुठला आलाय अजून! यांचा फोन इथे समोर टेबलावर ठेवलाय. दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी त्याच्याकडे बघत बसलेय मघापासून… हो, हो, तू बोल ना. हा माझा फोन आहे, त्यांचा मोकळाच आहे. स्पर्धेत जे आत गेले त्यांनाच फोन करतात ना ते समितीवाले. जे बाहेर, त्यांना आपलं उद्या सावकाश कळवणार. बाहेरच्यांची कोणाला घाई?

सर? हे मागच्या गॅलरीत आहेत. बॉलमध्ये हवा भरतायत. कॉलेजचे सगळे बॉल घरी घेऊन आलेत. मी म्हटलं, अहो, उद्या टीम राहील की नाही याचा पत्ता नाही, आणि हवा कसली भरताय? तर म्हणे, बॉलला काय माहीत ते… ऐकू येतोय ना पंप? फुस्स-फुस्स, फुस्स-फुस्स. डोकं उठलंय माझं.

तुझा आवाज का असा?… सर्दी? कधी झाली? रडली होतीस तू, चिमे… बरं बाई, सर्दी तर सर्दी.

अगं ऐक ना, तू कशाला जिवाला लावून घेतेस? तुमचं पहिलंच वर्ष. जावईबापू आत्ता कुठे कोच झाले. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी जातील स्पर्धेत, त्यात काय एवढं! तुमच्या कॉलेजला फुटबॉलची हौस तरी आहे. आमचं तसं नाही ना. आमचं यंदा नाही तर कधीच नाही.

अगं खरंच करणार आहेत ते! प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं यांना, वर्षअखेरच्या स्पर्धेत टीम गेली तर ठेवू, नाही गेली तर बंद. मैदानावर गाड्या लावणार. काल ती पार्किंगची माणसं आली होती टेप घेऊन… हो, प्रॅक्टिस चालू असताना! पोरं खेळतायत आणि हे मधून मापं घेतायत. पेनल्टी मारायच्या जागेवर पिवळी खुंटी ठोकून गेले.

सर काय करणार? खुंटी उपटली, रुमालाने पुसली आणि वॉचमनकडे नेऊन दिली. म्हणे, त्यांची वस्तू आहे, हरवायला नको. आता बोल! मी असते तर त्याच खुंटीने… जाऊ दे.

आणि यांना कुठे बसवणार, माहितीये? ऑफिसात. पोरांची ओळखपत्रं लॅमिनेट करायला. केस पांढरे झाले गं या माणसाचे त्या मैदानावर. खिडकीच्या आत बसून प्लॅस्टिक कापतायत, असं डोळ्यांपुढे आलं की मला घास जात नाही.

हं… हं… आशा? आशेचं काय, ती काय पैसे मागते? बारा टीम, त्यातल्या आठ जाणार. सात कोणत्या ते शेंबडं पोरही सांगेल. इंजिनिअरिंगवाले पहिले. ती पोरं नाहीत गं, कपाटं आहेत! मेडिकलवाले सुंदर खेळतात, पण परीक्षा जवळ आली की निम्मी टीम गायब. कॉमर्सचा तो एकटा पुढचा खेळतो, बाकीचे दहा टाळ्या वाजवायला. शेतकीवाले पळतात भरपूर, पण कुठे पळायचं ते अजून ठरलेलं नाही… हसू नकोस, हे माझं नाही, सरांचं. प्रत्येकाची मॅच बघून आलेत. आपली मॅच नसेल त्या दिवशी दुसऱ्यांची. छत्री घ्यायची, थर्मास घ्यायचा आणि बसला लटकायचं. मी म्हटलं, दुसऱ्यांची पोरं बघायला कशाला मरताय? तर म्हणे, न बघता नंबर कसे देऊ?

म्हणजे राहिली आठवी जागा. एक तर तुम्ही, नाही तर आम्ही. दोन बहिणी आणि खुर्ची एक. काय नशीब बघ!

ही नंबर द्यायची पद्धत ज्याने काढली ना, त्याला एकदा भेटायचंय मला. प्रत्येक कोचने स्वतःची टीम सोडून बाकीच्या अकरा टीमना नंबर द्यायचे. पहिल्याला अकरा मार्क, शेवटच्याला एक. सगळ्यांचे मार्क एकत्र केले की लागला निकाल. आणि कोणी कोणाला काय दिलं, ते गुप्त! म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. ज्याची भीती वाटते त्याला खाली ढकलायचं, वर साळसूद तोंड करून फिरायचं. सगळे करतात. अगं, सगळे!

मग मीही म्हटलं… चिमे, राग नको मानूस हं. तुझ्यापासून काय लपवायचं? मी यांना म्हटलं, अहो, यंदा डोळे मिटा आणि साडूच्या टीमला तळाला टाका… अगं ऐक ना! आधी पूर्ण ऐक! वैर म्हणून नाही म्हटलं गं, जीव टांगणीला लागलाय म्हणून म्हटलं. तुम्हाला पुढचं वर्ष आहे, आम्हाला नाही, असा हिशोब केला मी.

हे काय म्हणतात? ताटावरून उठले! एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही, तो चढवला. “खेळ बघून नंबर द्यायचे, नाती बघून नाही. वर चढवायला नाही आणि खाली ढकलायलाही नाही.” आणि तुम्हाला कितवा दिला, माहितीये? चौथा! हो, चौथा! म्हणे, पोराने पहिल्याच वर्षी टीम काय बांधलीय, मधली फळी बघत राहावी. इतकं कौतुक माझ्या स्वयंपाकाचं नाही केलं कधी. हात टेकले मी. हरिश्चंद्राशी संसार करायचा म्हणजे खायचं काम नाही बाई…

हॅलो? चिमे?… आहेस ना?

अगं बोल ना काहीतरी. रागावलीस?… मग?

काय आला?… फोन? कोणाला, जावईबापूंना?… कधी?… दुपारीच?

म्हणजे तुम्ही आत.

थांब हं. थांब जरा, गॅस बंद करते… चालूच नव्हता. काय करतेय मी… हां, बोल.

आणि आम्ही?… नववे… नक्की? त्या समितीच्या माणसानेच सांगितलं? साडूंची टीम नववी, असं?… किती मार्कांनी?

दोन.

दोन मार्क. अगं, दोन मार्क म्हणजे काय! अकरा कोचांपैकी कुठल्याही एकाने आम्हाला तीन पायऱ्या वर ठेवलं असतं, तरी… नाही, नाही, आनंदच आहे. तुमचा आनंद आहे म्हटलं ना! मी कुठे रडतेय? तू का रडतेस? तुझ्या घरात पेढे… नाही, काहीतरी गोड आण, तोंड गोड कर त्याचं. रडायचं ते मी रडीन.

काय सांगायचंय?… चिमे, मघापासून ताकाला जाऊन भांडं लपवतेयस तू. बोल एकदा काय ते.

कोणी दिला नंबर?… जावईबापूंनी?… आम्हाला? कितवा?

परत सांग.

अकरावा… लॉच्याही खाली? अगं, लॉवाल्यांवर गोल होत असतो तेव्हासुद्धा ती पोरं पंचाशी वाद घालत असतात! त्यांच्या खाली आमची पोरं? यंदा इंजिनिअरिंगला बरोबरीत रोखणारी एकच टीम आहे, आमची! जावईबापू होते त्या मॅचला. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी. सरांना मिठी मारली, मी बघितलं माझ्या डोळ्यांनी.

चिमे, हा मुलगा आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या उचलायला आला होता. याच टेबलावर सर कप आणि चमचे मांडून शिकवायचे त्याला, हा बॅक, हा हाफ. माझा एक कप धड राहिला नाही त्या वर्षी. तुझं लग्न ठरलं ते याच टेबलावर. या नोकरीसाठी शब्द टाकायला सर स्वतः गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि हे असे पांग फेडले? असे?

दे त्याला फोन. दे म्हणतेय ना!… बाथरूममध्ये? कधीपासून?… दार लावून बसलाय? बसू दे. जन्मभर बसू दे.

काय?… काय म्हणालीस?… तू?

तू सांगितलंस त्याला.

नको, नको, शपथा नको घालूस. नाही म्हणत होता? दोन दिवस जेवला नाही?… आणि तू हट्ट धरलास… हं… हं… कळलं. कळलं गं, मला नको समजावून सांगूस. मला कळणार नाही तर कोणाला कळणार?

अगं, मी तुला काय बोलू? आणि कोणत्या तोंडाने बोलू? आत्ताच तर सांगितलं ना तुला, मीही तेच म्हटलं होतं. शब्दसुद्धा तेच असतील. एकाच आईच्या पोरी आपण. फरक एवढाच, की तुझ्या नवऱ्याने तुझं ऐकलं.

शू… पंप थांबला. येतायत.

अहो… काही नाही, चिमी आहे… नाही हो, कांदा चिरत होते… बरं, नव्हते चिरत. बसा ना जरा. बसा म्हणतेय ना, ऐका कधीतरी… निकाल लागला. जावईबापूंना फोन आला. ते आठवे… आपण नववे. हो. दोन मार्कांनी.

चिमे, बसलेत. बॉल मांडीवर घेऊन बसलेत… नुसता तो बॉल फिरवतायत… नाही गं बाई, नाही सांगणार. मार्क गुप्त असतात ना? गुप्तच राहू देत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला दाखवू?

काय म्हणालात?… हो, सांगते. चिमे, अभिनंदन सांगितलंय जावईबापूंना. म्हणे, दोनच मार्कांनी आत गेलो असं मनात आणू नकोस, आत म्हणजे आत.

रडू नकोस अशी मोठ्याने, ऐकू जाईल त्यांना.

काय हो?… हां. चिमे, कागद घे. घे म्हणतेय ना! आठव्याची पहिली मॅच पहिल्याशीच, म्हणजे तुमची इंजिनिअरिंगशी. उंच बॉल टाकू नका म्हणतायत, त्या कपाटांपुढे एकही मिळणार नाही. जमिनीलगत खेळा… आणखी?… त्यांचा गोलकीपर उजवीकडे उशिरा झेपावतो… आणि डावा बॅक शेवटी दमतो. आमच्या टीमच्या टिल्लूने त्यालाच पळवून पळवून दमवलं होतं… लिहिलंस? लिही, लिही. सगळं लिही.

आणि बॉल घेऊन जा म्हणतायत. सगळे… अगं, आम्हाला कशाला हवेत आता? हवा भरून ठेवलीय.

उठले. बूट घालतायत… मैदानावर. पोरं पायऱ्यांवर बसलीत ना, कॉलेज कधीच सुटलं तरी. घरी जा म्हटलं तर एक हलायला तयार नाही. त्यांना सांगायला नको का कोणी? मी येऊ म्हटलं तर नको म्हणतायत.

काय?… अहो, आत्ता कशाला ते?… बरं, बरं, विचारते.

चिमे, विचारतायत… जावईबापूंनी आपल्याला कितवा नंबर दिला.

तू काही बोलू नकोस. नुसती फोन धरून राहा.

अहो, चौथा म्हणतेय! हो, चौथा. तुम्ही त्याला दिलात तोच.

चिमे… हसले गं. किती दिवसांनी हसले. दारात उभे राहून हसतायत.

काय?… हो, सांगते, सांगते, जा तुम्ही, पोरं खोळंबलीत… ऐकलंस? म्हणतायत, चौथा फार झाला. आपली टीम सहावीच. पोराला रागव म्हणतायत माझ्याकडून… नाती बघून नंबर द्यायचे नसतात म्हणावं.

गेले. ठेव फोन, चिमे. ठेव आता.